अंबूताईंच्या गाण्यातील खरखर मोडिली, त्याची हकीकत

श्रीनाद प्रसन्न. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, वैशाख मासी, उन्हे ऐन भरात असता गानसभेचे राज्यात जे वर्तमान घडले ते, पदरचे न घालिता आणि घडलेले न गाळिता, श्रोतेजनांस निवेदन केले असे.

ते राज्य लहान, एक सभागृह इतकाच मुलूख, परंतु कीर्ती थोर. गादीवर अध्यक्ष मुकुंदराव सरकार, आणि ध्वनिखात्याचा कारभार चिमणाजीपंत खळदकर यांजकडे. पंत मोठे हुन्नरी. माईकच्या तारा तयार आणवीत नसत, सुटी तार आणि पिना आणोन आपले हाते कथलाने डाखीत, आणि म्हणत, "आमचे हातची तार दगा देणार नाही." त्या राज्याचे भूषण अंबूताई पेडणेकर. त्यांचे गळ्यावर शस्त्रक्रिया जाहली, बहुत दिवस मौन पडले, आणि मग सभेचे आग्रहावरून पुन्हा गावयास बैसल्या. आवाज बारीक जाहला होता, परंतु सूर जागचे जागी. सकाळचा समय, तोडी मांडिली, लोक तल्लीन जाहले, आणि इतक्यात कर्ण्यातून खर्र खर्र ऐसा आवाज उठला. बाईंनी सूर सोडिला, पुन्हा धरिला, आणि पुन्हा खरखर. कोणी हळूच बोलिले, "गळा गेला हो बाईंचा." ते शब्द बाईंचे कानी पडले. मग तंबोरा निजविला, सभेस नमस्कार केला आणि घरास गेल्या. आणि सरकारांस निरोप पाठविला की, आता आम्ही गाणार नाही.

पंतांस अन्न गोड लागेना. त्यांनी माईकची तार सोडविली, पिनेचे कवच उघडिले, आणि पाहतात तो डाखावर गुंडाळिलेली काळी चिकटपट्टी वैशाखाचे तापाने पाघळोन एकीकडे सरकली, आणि तारेभोवतीचे वेष्टणाचे जाळीची उघडी तार शेजारचे तारेस शिवत होती. तार हलली की खरखर. बाईंचा गळा शाबूत, आमचीच तार नासली, ऐसे पंतांचे मनात आले आणि लाजेने कान तापले. परंतु पंत रडत बसणारे नव्हेत. तसेच उठोन सरकारांकडे गेले.

मुकुंदराव म्हणाले, "मग नवी पट्टी गुंडाळा, झाले."

"पट्टीचा भरवसा सरला, सरकार. आता हीटश्रिंक नळी घालितो."

"तो काय प्रकार?"

"प्लास्टिकची बारीक नळी. ढिली असता तारेवर सरकवावी, गरम हवा दिली की आक्रसते आणि डाखास कातडीसारखी बिलगते. मग सुटणे नाही, सरकणे नाही."

सरकारही कौतुकाने पाहावयास बैसले. पंतांनी नवी तार सोलिली, कथील वितळविले, आणि डाख ऐसा दिला की मोत्यासारखा चमकला. तेव्हा सरकार म्हणाले, "पंत, नळी तर मेजावरच राहिली!" खरेच, नळी आधी तारेत ओवावयाची, ती विसरली, आणि आता पिन आडवी, नळी चढणार कोठून? सरकार म्हणाले, "जाऊ द्या, इतक्यापुरती पट्टी लावा." पंत बोलिले, "इतक्यापुरते म्हणोनच बाई उठोन गेल्या, सरकार." आणि आपलाच सुबक डाख आपले हाते उकलिला. मग नळी आधी ओविली, परंतु डाखाचे जवळच ठेविली, ती कथलाचे आचेने भलतेच जागी आक्रसोन बैसली. पंत खो खो हसले. "शिकवते आहे आम्हांस," म्हणाले, आणि तीही कापोन काढिली. मग नळ्या ओवोन पार मागे सारिल्या, डाख दिले, निवू दिले, आणि एकेक नळी पुढे आणोन, तार फिरवीत फिरवीत, गरम हवा दिली. नळी अंग चोरीत आली आणि घट्ट बैसली. पंतांनी ओढोन पाहिले, वाकवोन पाहिले, हलेना.

मग पंत जुनी तार, नवी तार, माईक आणि लहान कर्णा घेऊन अंबूताईंचे घरी गेले आणि सगळे वर्तमान सांगितले. बाई म्हणाल्या, "पंत, समजूत घालायला आलात. माझा गळा मला ठाऊक नाही होय?"

पंत बोलिले, "बाई, आपण गाऊ नका. फक्त ओठ मिटोन बसा."

आणि जुनी तार जोडोन त्यांनी हाताने हालविली. घरात कोणी बोलत नव्हते, कोणी गात नव्हते, आणि कर्ण्यातून तीच खर्र खर्र आली. बाई कर्ण्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "पुन्हा हलवा." पंतांनी हालविली. "पुन्हा." पुन्हा खरखर. तेव्हा बाईंनी आपला हात आपले गळ्यावर ठेविला, जैसा रुसल्या लेकराचे पाठीवर ठेवावा, आणि डोळ्यांस पदर लाविला. पंत खाली पाहात बोलिले, "अपराध आमचा. बोल आपल्या गळ्यास लागला."

मग नवी तार जोडिली, हालविली, झटकिली, आणि कर्णा निःशब्द. बाईंनी षड्ज लाविला. बारीक, नितळ, आणि कोठे तडा नाही.

पुढे सभा भरली. पंतांनी उभे राहोन सर्वांदेखत सांगितले की मागील खरखर आमचे तारेची, बाईंची नव्हे; आणि बाई गायिल्या त्या दोन प्रहर होईतो उठल्या नाहीत.

सारांश, वैशाखी गेलेले गाणे ज्येष्ठी परत आले, आणि बाईंचे नावास लागलेला बोल फिटला. ध्वनिखात्यात चिकटपट्टी बंद जाहली. बहुत काय लिहिणे? राज्य सुरात आहे.