शालूबाईंचा न पुसणारा फोटो

ज्या यंत्राला बॅटरी लागत नाही, ते यंत्र माणसाला कधीही दगा देत नाही, असं अमृतने रविवारी दुपारी टाकवे बुद्रुकच्या आपल्या अंगणात, जमलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर जाहीर केलं. मग त्याने कॅमेऱ्याचा खटका ओढला. खटका जागचा हलला नाही.

"आवाज न्हाई आला," शेजारचे दत्तोबाकाका म्हणाले.

"येईल," अमृत म्हणाला आणि पुन्हा ओढला. आवाज त्याच्या बोटाचाच आला.

अमृत लोणावळ्याच्या एका रिसॉर्टात रिसेप्शनवर होता. पाहुण्यांच्या फोनमध्ये पाहुण्यांचे फोटो काढून देण्यात त्याचा अर्धा दिवस जाई. एका जुन्या बंगल्याचं सामान विकायला निघालं, तेव्हा त्यात त्याला हा कॅमेरा दिसला. जपानी, सगळा लोखंडी, हातात घेतला की मनगटाला कळावं असा. एक फोटो काढला की वरचा खटका ओढायचा, आतला रोल पुढे सरकतो, मगच दुसरा निघतो. पहिल्यांदा तो खटका ओढला तेव्हा आतून असा काही गोड किरकिराट झाला, की अमृतने नकळत पायातल्या चपला काढल्या होत्या.

कॅमेरा घरी आला आणि एरवी फोटोच्या नावाने तोंड फिरवणाऱ्या त्याच्या आजी, शालूबाई, आपणहून म्हणाल्या, "ह्यातला फोटू पुसता येतुया का रं?"

"नाही आजी. एकदा निघाला की निघाला."

"मग माजा काढ."

त्यामागे इतिहास होता. मागे अमृतच्या बहिणीने, पिंकीने, फोनवर आजीचा फोटो काढला आणि "डोळे मिटलेत गं," म्हणत त्यांच्यादेखत तो उडवला. शालूबाई तेव्हापासून सगळ्यांना सांगत, "मला पुसली पोरीनं." शिवाय भिंतीवर त्यांच्या नवऱ्याच्या, आबांच्या, हार घातलेल्या फोटोशेजारी एक खिळा रिकामा होता, आणि त्यावर त्यांचा डोळा होता. "मेल्यावर समदीच लावत्यात," त्या म्हणत. "मला जित्तेपनी बगायचाय. बिनहाराचा."

म्हणून आज त्या नऊवारी नेसून, नथ घालून, खाटेवर मांडी घालून बसल्या होत्या. "आजी, मी सांगेपर्यंत हलायचं नाही," अमृतने बजावलं होतं. "आणि बोलायचं तर अजिबात नाही. चेहरा बिघडतो."

शालूबाईंनी ओठ मिटले. आणि खटका अडकला.

"दोन थेंब त्याल सोड," काका म्हणाले. गावातल्या निम्म्या पाण्याच्या मोटारी ते लाथ मारून चालू करत, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं.

"काका, तेल लेन्सवर जाईल."

"मग हलक्या हातानं ठोकू."

"दादा, दसऱ्याच्या सकाळी तर लोण्यासारखा सरकत होता," पिंकी म्हणाली. "तूच रोल भरून सगळ्यांना ओढून दाखवलास. मग कोयता, कुदळ, ट्रॅक्टरची चावी, माझा लॅपटॉप, सगळ्यांबरोबर त्याचीही पूजा झाली. तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही."

शालूबाईंच्या भुवया एकदम वर गेल्या. एक बोटही कॅमेऱ्याच्या दिशेने उठलं.

"आजी, हात खाली! चेहरा!"

बोट खाली आलं. भुवया आल्या. शेजारच्या सरूबाई थक्क होऊन म्हणाल्या, "कशी बसलीया बगा! देवळातली देवी तरी पापनी हलवल."

अमृतने फोनवर दोन व्हिडिओ पाहिले आणि निदान केलं. रोल आत गुंतला होता. मागचं झाकण उघडून तो सैल करायला हवा. पण उजेड लागला की रोल फुकट, म्हणजे मिट्ट काळोख हवा. भाताच्या पोत्यांच्या खोलीला खिडकी नव्हती. तरी दाराच्या फटी होत्याच. तेव्हा घरातली सगळ्यात जाड घोंगडी निघाली. तिच्याखाली अमृत गेला आणि झाकण धरायला काकाही गेले. बाहेरून ते दृश्य पाय दुमडून बसलेल्या रेड्यासारखं दिसत होतं, पण कुणी हसलं नाही. आत काहीतरी मोठं चाललंय, याचा दरारा खोलीभर होता.

"काका, झाकण धरलंत?"

"व्हय. न्हाई. हे तुजं ढोपार हाय."

"रोल हलतोय! गुंतलेला नाहीये. मग अडकलंय काय?"

"थांब, बगतो," काका म्हणाले, आणि मदतीच्या भरात त्यांनी फोनची बॅटरी लावली.

घोंगडीच्या आत सूर्य उगवला.

"काका!" अमृत ओरडला. बाहेर आलेली रोलची पट्टी गेली. डबीत गुंडाळलेली तेवढी वाचली. त्याने झाकण धाडकन लावलं. आता रडावं की काकांना बोलावं, हे ठरवत असतानाच त्या पापी उजेडात त्याला खटक्याखालच्या फटीत काहीतरी लाल दिसलं. त्याने सुई मागितली, पिंकीने ती बाहेरून सरकवली. त्याने हळूच टोकरलं.

एक दाणा टपकन तळहातावर पडला. कुंकवाने माखलेला तांदूळ.

काकांनी घोंगडी उतरवली आणि डोक्यावरची टोपीही. एवढं मोठं जपानी लोखंड, आणि त्याला रोखून धरलं होतं घरच्या इंद्रायणी तांदळाच्या एका दाण्याने. सरूबाईंनी हात जोडले.

अमृतने खटका ओढला. तो गोड किरकिराट पुन्हा झाला. उजेड लागलेली पट्टी पुढे सरकून जावी म्हणून त्याने मोकळेच दोन-तीन फोटो काढून खटका ओढला आणि तो अंगणात आला. ऊन उतरलं होतं. शालूबाई तशाच बसल्या होत्या. पदराची चुणीसुद्धा हलली नव्हती. अमृतने श्वास रोखला, अख्ख्या अंगणाने रोखला.

खट्ट.

"आला, आजी," तो म्हणाला. "खिळ्यावरचा आला. बोल आता."

शालूबाईंनी दीर्घ श्वास सोडला आणि पिंकीच्या तळहातावरच्या दाण्याकडे बोट केलं.

"त्यो तांदूळ मीच बसवला व्हता. दसऱ्याला समद्यांवर अक्षता ऱ्हायल्या, तुज्या ह्या डब्यावरनं घसरत व्हत्या. म्हनलं, ह्योच का बिनपूजेचा ऱ्हावा? येक दाना फटीत दाबला."

"आजी! मग सांगायचंस ना!"

"सांगतच व्हते. तूच म्हनलास, बोलायचं न्हाई." त्यांनी अंगणभर नजर फिरवली. "आता कुनीतरी मला उठवा बाबांनू. दोनी पाय कवाचंच झोपल्यात."