दुसऱ्यांच्या भेटवस्तू आणि डॉक्टर माटे

डॉक्टर माट्यांनी पहिल्या भेटीत मला विचारलेला दुसराच प्रश्न असा होता: "तुझ्या वहिनीच्या हातांना घाम येतो का?"

आम्ही दोघं लिफ्टमध्ये होतो. कंपनीच्या बदलीवर ओसाकाला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. मी फोनवर आईशी बोलत होते, त्यावरून समोरच्या टकल्या गृहस्थांनी माझी भाषा ओळखली असावी. फोन ठेवल्याबरोबर माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या काळ्या, तकतकीत डब्याकडे बोट दाखवून त्यांनी शुद्ध मराठीत विचारलं, "कुणासाठी?"

"वहिनीसाठी," मी म्हणाले. परक्या मुलखात मराठी ऐकून मला भरून आलं होतं. तेवढ्यात तो घामाचा प्रश्न आला.

"माहीत नाही."

"मग घेतलास कसा?" त्यांनी डबा माझ्या पिशवीतून काढून घेतला, उलटा केला आणि बुडावर नखानं टिचकी मारली. "प्लास्टिक. वरून लाखेसारखा रंग. ओले हात लागले की ठसे उठणार. वहिनी दोन वेळा पुसेल, तिसऱ्यांदा माळ्यावर टाकेल. हे चिकटणार नाही." चौथा मजला आला, डबा माझ्या हातात आला आणि माटेसर निघून गेले. मी तशीच सातव्यावर गेले. डबा आजही माझ्याकडे आहे. त्यात मी कपड्यांचे चिमटे ठेवते.

'चिकटणार नाही' हा त्यांच्या धंद्यातला शब्द. इथल्या विद्यापीठात ते गोंदांवर संशोधन करतात. लाकडाला लाकूड का धरून राहतं आणि कधी सोडतं, यात त्यांची तीस वर्षं गेली. भेटवस्तूचंही तेच, असं त्यांचं म्हणणं. ती देणाऱ्याकडून सुटली पाहिजे आणि घेणाऱ्याला चिकटली पाहिजे. बाकी सगळं सामान.

त्यांच्या नावाचीही एक गंमत आहे. जपानी माणसाला 'ट' म्हणता येत नाही, त्यामुळे माट्यांचं 'माते' होतं, आणि 'माते' म्हणजे जपानीत 'थांब!' दवाखान्यात नर्सनं "माते-सान!" अशी हाक मारली की दाराकडे निघालेला एखादा म्हातारा पाय उचललेला तसाच उभा राहतो. सर शांतपणे त्याच्या बाजूनं पुढे जातात.

सुट्टीवर भारतात निघालेला ओसाकातला प्रत्येक मराठी माणूस भेटवस्तूंसाठी माटेसरांना गाठतो आणि प्रत्येकाला त्याचा पश्चात्ताप होतो. सर त्याला शनिवारी सकाळी गाडीत बसवून जवळच्या नारा शहराच्या जुन्या वस्तीत, नारामाचीत नेतात. अरुंद गल्ल्या, काळपट लाकडी जाळ्यांची घरं, दारावर निळे पडदे आणि आत बोळासारखी लांबच लांब दुकानं. कुणी कुंचले करतं, कुणी मातीची भांडी, कुणी देवदाराच्या पेट्या. पण आत शिरण्याआधी रस्त्यावरच तोंडी परीक्षा होते.

बँकेतले साठे तिथे सासऱ्यांसाठी काहीतरी घ्यायला गेले होते. सरांनी विचारलं, "सासरे चहा कपातून पितात की बशीतून?" साठ्यांना माहीत नव्हतं. सर ढिम्म हलेनात. शेवटी साठ्यांनी गल्लीतूनच बायकोला फोन लावला. ती घाबरली. "तुम्ही बाबांच्या चहाबद्दल का विचारताय? तुम्हाला बरं आहे ना?" सासरे बशीतून पितात असं निष्पन्न झालं, आणि साठे एक पसरट, उथळ वाडगा घेऊन भारतात गेले. सासरे रोज त्यातून फुर्रकन चहा ओढतात आणि जावयाचा विषय निघाला की आता नुसतं 'हं' न म्हणता एखादं वाक्य बोलतात, असं साठे स्वतः सांगतात.

दुकानदारही त्यांना ओळखून आहेत. निशिदाबाई नावाची एक म्हातारी मातीची भांडी विकते. माटेसर दारात दिसले की ती हसून "इराश्शाइमासे" म्हणते, या म्हणते, आणि त्याच हातानं पर्यटकांसाठी मांडलेल्या कपांवर हळूच फडकं टाकते.

अशा माणसासमोर गेल्या वसंतात माझी आई उभी राहिली.

आई नाशिकची. टपाल खात्यात काउंटरवर आयुष्य काढलेली, त्यामुळे समोरचा माणूस कितीही बोलला तरी तिच्यावर परिणाम होत नाही. माझ्याकडे येऊन तिला तीन आठवडे झाले होते. मी ऑफिसात, ती सातव्या मजल्यावर. भाषा येत नाही, टीव्ही कळत नाही, कचऱ्याचे पाच प्रकार मात्र तिनं पाठ केले होते. परतायच्या आधी तिला योगवर्गातल्या अठरा मैत्रिणींसाठी अठरा एकसारख्या वस्तू हव्या होत्या.

"एकसारख्या?" माटेसरांचा चेहरा पडला. "काकू, त्या बायका एकसारख्या आहेत का?"

"पहिलं म्हणजे काकू म्हणू नका. तुमच्याही डोक्यावर काही उरलेलं नाही," आई म्हणाली. "आणि दुसरं, एकीला चमचा आणि दुसरीला वाटी दिली की योगवर्ग बंद पडेल. तुम्हाला बायका माहीत नाहीत."

"बरं, ताई," सर म्हणाले. त्यांनी माघार घेतलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

नारामाचीत आम्ही पोचलो तेव्हा आईच्या हातात अठरा नावांचा कागद होता. घरांच्या वळचणीला कापडाची लाल माकडं टांगलेली होती. घरावरची पीडा ती स्वतःवर घेतात, असं सरांनी सांगितलं. "हे बरं आहे," म्हणत आई वर बघत उभी राहिली. शेजारच्या बागेतल्या मोकाट हरणांपैकी एक फिरत फिरत गल्लीच्या तोंडाशी आलं होतं. ते पुढे झालं, त्यानं आईच्या हातातला कागद ओढला आणि खायला सुरुवात केली.

"अगं बाई! ए मेल्या, सोड!" आई ओरडली. हरणानं शांतपणे सिंधू, निर्मला, कुसुम आणि उरलेल्या पंधराजणी गिळल्या. माटेसर कमरेतून वाकले आणि त्यांनी हरणाला नमस्कार केला. नाराच्या हरणांना ती सवय असते. त्यानंही मान लववली.

"नमस्कार कसला करताय? माझी यादी गेली!"

"गेली ते उत्तम झालं," सर म्हणाले. "आता आठवा."

एका चहाच्या दुकानाबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. आई रागानं फणफणत होती, पण आठवायला लागली. नावं यायच्या आधी तिला माणसंच आठवत होती. सिंधूताईची बोटं संधिवातानं वाकडी झाली आहेत, कपाचा कान तिला धरवत नाही, म्हणून ती चारचौघांत चहाच घेत नाही. वर 'मला आवडत नाही' असं सांगते. निर्मलाला झोप लागत नाही. पहाटे उठून ती वहीत रामनाम लिहिते, पण बॉलपेन दाबून तिचं मनगट दुखतं. कुसुम मुलाच्या घरी राहते. सगळे चांगले वागतात, पण त्या घरात तिचा म्हणून एक कप्पाही नाही. नवऱ्याचं घड्याळ ती पर्समध्ये घेऊन हिंडते.

माटेसर ऐकत होते. मीही. या बायकांना मी वर्षानुवर्षं 'नमस्कार मावशी' करत आले होते आणि यातलं काही म्हणजे काही मला ठाऊक नव्हतं. तीन आठवड्यांत आई माझ्याशीसुद्धा इतकं बोलली नव्हती. की मी विचारलंच नव्हतं, कोण जाणे.

मग आम्ही दुकानं धरली. सिंधूताईसाठी निशिदाबाईंनी बिनकानाचा, दोन्ही तळव्यांत मावेल असा जाड काठाचा वाडगा काढला. आईनं स्वतःची बोटं वाकडी करून तो धरून पाहिला आणि मगच घेतला. निर्मलासाठी इतका मऊ कुंचला, की कागदाला टेकला तरी पुरे. कुसुमसाठी देवदाराची झाकणाची पेटी, उशीखाली सरकवता येईल एवढी लहान. दुपार कलली तेव्हा अकराजणींचं झालं होतं. उरलेल्या सातजणींबद्दल आईला 'चांगली आहे बिचारी' यापलीकडे सांगता येईना. सरांनी त्यांच्यासाठी मच्छरदाणीच्या कापडाची, तिथली खासियत असलेली सात हातपुसणी घेतली आणि बजावलं, "यांच्याशी जाऊन आधी बोला. तोवर हे चालेल."

योगवर्ग बंद पडण्याचा विषय आईनं एकदाही काढला नाही.

परतीच्या गाडीत तिनं टपाल खात्यातल्या आवाजात विचारलं, "तुमच्याकडे कोण कोण असतं?"

"आई होती, साताऱ्याला. नऊ वर्षांपूर्वी गेली," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "लग्न वगैरे राहून गेलं. तेव्हापासून तिकडे जाणं झालं नाही. जाऊन उतरायचं कुठे?" मग त्यांनी एकदम गाडीच्या डब्याला कुठला गोंद वापरतात ते सांगायला सुरुवात केली, आणि ओसाका येईपर्यंत सांगितलं.

आई निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी अठरा पुडकी स्वतः बांधून आणली. प्रत्येकात सुवाच्य अक्षरातली एक चिठ्ठी होती. वाडगा पहिल्यांदा तांदळाच्या पेजेत उकळावा, पेटी उन्हात ठेवू नये, असं काय काय. खाली 'अडचण आल्यास विचारावे' आणि त्यांचा फोन नंबर. आम्ही मायलेकी खूप हसलो. वाडग्याला अडचण ती काय येणार?

आली. पाऊस सुरू झाला नाशिकला, आणि आईचे फोन वेगळेच येऊ लागले. सिंधूताईनं पेज करपवली म्हणून तिनं माटेसरांना फोन केला. पेजेचं पाच मिनिटांत संपलं आणि पुढे तासभर दोघं बोलत बसले. आता दर रविवारी सकाळी सर स्वतःच या बायकांना फोन करतात. निर्मलाला शाई कशी घोटायची ते शिकवतात. हातपुसणीवाल्या बायकाही पुसण्याचं निमित्त काढून फोन करतात. त्यातल्या दोघींबद्दल आता आईपेक्षा सरांनाच जास्त ठाऊक आहे.

"आणि कुसुमनं पेटीत घड्याळाशिवाय आणखी काहीतरी ठेवलंय," आई चिडून म्हणाली. "मला नाही सांगितलं. चाळीस वर्षांची मैत्रीण मी! तुझ्या माट्यांना मात्र सांगितलं. मी त्यांना विचारलं, तर म्हणतात, ताई, ते कुसुमताईंचं आहे."

मी हे सगळं ऐकत होते आणि मला त्यांचा चौथ्या मजल्यावरचा रविवार दिसत होता. आधीची इतकी वर्षं त्या घरात रविवारी काय होत असेल, हा विचार मी खालून वर जाताना कधी केला नव्हता.

येत्या डिसेंबरात सिंधूताईची पंच्याहत्तरी आहे. तिनं सरांना बोलावलंय. आधी त्यांनी परिषद आहे, विद्यार्थ्यांच्या परीक्षा आहेत, अशी कारणं सांगून पाहिली. मग आईनं फोन घेतला आणि म्हणे दोन मिनिटांत तिकिटाचं ठरलं.

परवा सकाळी, कावळ्यांपासून वाचवायला कचऱ्यावर टाकतात त्या जाळीपाशी आम्ही भेटलो. माझ्या हातात प्लास्टिकची पिशवी, त्यांच्या हातात पुठ्ठे नीट दोरीनं बांधलेले. सिंधूताईसाठी काय नेणार म्हणून मी विचारलं, तर त्यांनी ते ऐकलंच नाही. त्यांनी पुठ्ठे ठेवले, जाळी पुन्हा नीट पसरली आणि तिथेच घुटमळले.

"मीनल, त्या सगळ्या बायका मला न्यायला स्टेशनवर येणार आहेत म्हणे."

"अठराहीजणी येतील," मी म्हणाले. "हार असणार."

"हो, तसं कळलंय." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. "पण तिथे त्यांच्या ओळखीचं कुणी भेटलं आणि विचारलं, हे तुमचे कोण, तर त्या काय सांगतील?"

मी माझी पिशवी जाळीखाली सरकवली. कचऱ्याची गाडी कोपऱ्यावर वळली, तिची घंटी वाजायला लागली.

"ताईंना जरा विचारून ठेव," माटेसर म्हणाले. "म्हणजे मलाही तेच सांगता येईल."