उसवलेला पीळ

१९७३ साली विद्यापीठात संगणक एकच होता आणि त्याच्यापुढे महिन्यातून एकदा नंबर लागे. शिंपीणबाईंच्या लेकीचा हा नंबर तोंडी परीक्षेआधीचा शेवटचा. पदवी मिळाली तर कॉलेजातली नोकरी कायम, नाही तर जूनपासून घरी.

तिचा विषय ऐकून पाहुणे चहा घाईघाईनं संपवत. पट्टीला एक पीळ देऊन टोकं जोडली की तिला कड एकच उरते. ती कड तापवली, तर उष्णता पट्टीभर कशी पसरेल? ते अवकल समीकरण कागदावर सुटेना. म्हणून पट्टीवर सहाशे ठिपके घ्यायचे, प्रत्येकाचे शेजारी लिहायचे आणि आकडेमोड यंत्राच्या गळ्यात घालायची. आईनं पडद्याच्या उरलेल्या कापडाची पट्टी कापून दिली. लेकीनं ठिपक्यांना आकडे दिले आणि पीळ घालून टोकं आपल्या हातानं टाचली.

दोन दुपारी आई पट्टी मांडीवर घेऊन प्रत्येक ठिपक्याच्या शेजाऱ्यांचे आकडे वाचून दाखवत होती आणि लेक मान खाली घालून लिहीत होती.

उत्तर आलं ते भलतंच. एक कड शंभर अंशांवर, समोरची थंडगार. जिला कडच एक, तिला समोरची आली कुठून? तिनं यंत्राला दिलेली भोकं पाडलेली सगळी कार्डं पुन्हा तपासली, यंत्रावरच्या माणसाशी भांडून घेतलं आणि शेवटी घरी येऊन पट्टी हातात धरली. पट्टी बांगडीसारखी सरळ होती.

“आई, हिचा पीळ कुठे गेला?”

“काढला,” आई सुईत दोरा ओवत म्हणाली. “उलटी जोडली होतीस. वाचायला बसायच्या आधीच उसवून नीट केली. शिंपिणीच्या लेकीची शिवण अशी बघून लोक मला हसतील गं.”

लेक त्या दिवशी जेवली नाही. काय झालं ते कळल्यावर आईही नाही.

परीक्षेत तिनं हे आकडे पीळ नसलेल्या पट्टीचे आहेत, असं सांगून टाकलं. बाहेरून आलेले परीक्षक तोवर एकदाही हसले नव्हते. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं, कागदावर एक जुनं सूत्र मांडलं.

“सरळ जोडलेल्या पट्टीचं उत्तर सूत्रानं येतं. तुमचं त्याच्याशी तिसऱ्या दशांशापर्यंत जुळतंय. तुमची रीत विश्वासाची आहे का, हे तपासलेलं प्रबंधात कुठेच नव्हतं. मी तेवढ्यासाठीच परत पाठवणार होतो. हे कुणाच्या डोक्यातून आलं?”

“आईच्या,” लेक म्हणाली.

पिळाच्या पट्टीसाठी त्यांनी महिन्याची मुदत दिली आणि संगणकाचा नंबर स्वतः चिठ्ठी लिहून मिळवून दिला.

लेक पुढे विभागप्रमुख होऊन निवृत्त झाली. परीक्षक मरेपर्यंत आपले कोट शिंपीणबाईंकडेच शिवत राहिले. आई मात्र त्यानंतर कुणाचं साधं बटणही विचारल्याशिवाय लावीनाशी झाली. पुन्हा पीळ घातलेली पट्टी अजून लेकीच्या कपाटात आहे. तिला आईच्या हातची चिठ्ठी टाचलेली आहे: ‘वाकडी आहे. अशीच हवी म्हणतात. हात लावू नये.’