शकीला मॅडमचा बावीस नंबर

शकीला मॅडमना नमस्कार केला की त्या उलट विचारतात, "सकाळची पहिली आणली का?" पहिली म्हणजे लघवी.

वणीच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवतात, मी शेजारच्या खोलीत भौतिकशास्त्र. कोळशाच्या धुळीत राबणाऱ्या शरीराला आतून जो मार बसतो, त्याच्या खुणा लघवीत उतरतात. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात त्याला. संशोधनासाठी मॅडम कोळशावरच्या कामगारांकडून नंबर टाकलेल्या बाटल्यांत नमुने घेतात, लिक्विड क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर त्या खुणा वेगळ्या करून मोजतात आणि उरलेला दिवस चिडतात. बाटली उन्हात ठेवली, चिडल्या. झाकण सैल, चिडल्या. एकानं लोणच्याच्या बरणीत नमुना आणला, तेव्हा त्या बरणीलाही बोलल्या.

मागच्या उन्हाळ्यात बावीस नंबरच्या नमुन्यात पाणी मिसळलेलं निघालं. लघवीत क्रिएटिनिन नावाचा पदार्थ असतोच. यात तो नावापुरता होता. "माणूस खोटं बोलते, लघवी नाही बोलत," म्हणत मॅडमनी मला स्कूटीवर मागे बसवलं आणि भर दुपारी बावीस नंबरच्या मारोतीभाऊंचं घर गाठलं. मारोतीभाऊ कोळशाच्या ट्रकवर हमाली करतात.

अंगणातूनच मॅडमनी बोलायला सुरुवात केली. शेजारी गोळा झाले. मारोतीभाऊ खाटेवर पोट धरून बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर हळूच म्हणाले, "मॅडम, चार दिवसांपासून लघवी लाल येऊन राह्यली. मुकादमाले समजलं त कामावरून काढीन. म्हणून पाणी टाकलं."

मॅडमनी एक श्वास घेतला. मग दुप्पट भडकल्या. बाटलीवर नाव नसते, मुकादमाले कोण सांगते, अन् चार दिवस दुखणं अंगावर काढलं कायले? बोलता बोलताच त्यांनी मारोतीभाऊंना स्कूटीवर घेतलं. मागून त्यांना धरून मी. दवाखान्यापर्यंत मॅडमचं तोंड बंद नाही.

मुतखडा निघाला. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, पण आज इथंच ठेवू. इंजेक्शननं दुखणं थांबलं आणि मॅडमची बोलणी खाता खाताच मारोतीभाऊंना झोप लागली. त्यांची बायको लेकीकडे उमरखेडला गेली होती. फोन केला तेव्हा ती परतीच्या एसटीत बसत होती, पोचायला रात्र होणार होती.

संध्याकाळ होत आली, तसा मी म्हणालो, "चला मॅडम, नर्स आहे इथं."

"तुमी जा, सर," त्या खाटेजवळचं स्टूल ओढत खेकसल्या. "यांची बायको येईलोक मी थांबतो. मले घरी कोण वाट पाहून राह्यलं?"