मोला की मोली

किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहरातून आमच्या बेटावर रोज फेरीबोट येते. तिच्यात कॉफी मिळते, सावली मिळते, आणि मुख्य म्हणजे ती चालवायला दुसरा माणूस असतो. तरीही त्या उन्हाळ्यात झेलिमिरने ठरवलं, की सासरी जायचं ते स्वतः यॉट चालवत.

"पण का?" व्हिन्का म्हणाली. (व्हिन्का म्हणजे त्याची बायको, आमच्या बेटाची लेक.)

"मजा म्हणून," झेलिमिर म्हणाला.

मजाबिजा काही नव्हती, दुखणं वेगळंच होतं. झेलिमिर समुद्रापासून लांब झाग्रेबचा, ट्रामच्या पासांच्या खिडकीमागे बसणारा कारकून. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी सासू, म्हणजे दोब्रिलाबाई, त्याला जावई म्हणायला तयार नव्हत्या. तो समोर बसलेला असताना म्हणायच्या, "व्हिन्का, तुझ्या माणसाला मासा हवाय का विचार." गावही तसलंच. आमच्याकडे अर्ध्या गावाचं आडनाव एक, म्हणून माणूस ओळखायचा तो टोपणनावावरून. कुणी खेकडा, कुणी अर्धीचड्डी, एक घराणं तर पणजोबांपासून 'उद्याबघू'. झेलिमिरला टोपणनाव नव्हतं. आणि ज्याला गाव नाव ठेवत नाही, तो गावचा नाही.

तर झेलिमिरने सुट्टीच्या दिवशी क्लासला जाऊन परवाना काढला, पांढरी टोपी घेतली (टोपीवर सोनेरी नांगर) आणि भाड्याच्या यॉटमधून एड्रियाटिक समुद्रात बायकोला बेटामागून बेट हिंडवलं. म्हणजे हिंडवलं ते व्हिन्काने. झेलिमिर सुकाणू धरायचा तो फोटोपुरता. पण शेवटी आमचं बंदर दिसलं तशी त्याने टोपी नीट केली.

"आता मी घेतो."

"इथे पाठीमागून धक्क्याला लावावी लागते हं."

"परवाना कुणाकडे आहे?"

व्हिन्का नांगर टाकायला पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी आमचं सगळं गाव धक्क्यावर कॉफी घेऊन बसतं. परक्या बोटी कशा लागतात ते बघणं हा आमचा फुकटचा तमाशा. पहिल्या खुर्चीवर जपमाळ घेऊन दोब्रिलाबाई. शेजारीच पाण्यात, आपल्या छोट्या होडीत, गावचे पाद्री फादर येरे. त्यांनी माकूळ धरायला जायचं म्हणून आपल्या होडीचा दोर नुकता सोडला होता, आणि त्याचं टोक पाण्यावर तरंगत होतं.

झेलिमिरला वाटलं, पाहुण्यांसाठी ठेवलेला दोर हाच. त्याने काठीने तो उचलला आणि यॉटच्या मागच्या खुंटीला पक्का बांधला. बांधून मान वर करतो, तर धक्का अंगावर आलेला! त्याने घाबरून इंजिनाचा दांडा एकदम पुढे ढकलला. यॉटने जी उडी मारली ती थेट बंदराच्या मधोमध, आणि तिच्यामागोमाग होडीत उभे असलेले फादर येरे.

"मोला!" फादर ओरडले.

"मोला! मोला!" धक्क्यावरून अख्खं गाव ओरडलं.

आमच्या बेटावर 'मोला' म्हणजे सोड, दोर सोड. झाग्रेबमध्ये हा शब्द कुणाला ठाऊक नाही. तिथे आहे तो 'मोली', म्हणजे प्रार्थना कर. त्यात इंजिनाचा आवाज, आणि नेमकी त्याच वेळी चर्चची संध्याकाळची घंटा वाजायला लागली. 'ध'चा 'मा' व्हायला आणखी काय लागतं?

काय हे देवभोळं गाव, झेलिमिरला वाटलं. खुद्द फादर सांगताहेत, सासूबाई दोन्ही हात वर करून सांगताहेत. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या आपल्याशी थेट बोलताहेत! त्याने सुकाणू सोडलं, टोपी काढली, हात जोडले, डोळे मिटले आणि 'हे आमच्या स्वर्गातील बापा' सुरू केलं.

मोकळं सुकाणू एका बाजूला वळलं आणि यॉट घाण्याच्या बैलासारखी बंदरात गोल फिरायला लागली.

"मोला रे, गाढवा!" फादर ओरडले.

आपला आवाज पोचत नसावा, असं समजून झेलिमिरने प्रार्थनेची पट्टी वाढवली.

एवढ्यात व्हिन्का धडपडत मागे आली. "हे काय चाललंय?"

"श्श! फादरनी सांगितलंय."

व्हिन्काने इंजिन बंद केलं. मग मागे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"झेलिमिर, ते म्हणताहेत, सोड."

"काय सोडू?"

"त्यांना."

झेलिमिरने डोळे उघडले. धरणीने पोटात घ्यावं म्हणावं, तर खाली धरणीही नव्हती. धक्क्यावर दोब्रिलाबाई खुर्चीवरून घसरेपर्यंत हसल्या, आणि त्यांच्यामागून गाव. झेलिमिरच्या कानांच्या पाळ्या रात्री जेवतानाही लाल होत्या. सकाळी तो भिंतीच्या कडेकडेने पाव आणायला गेला, तर पाववाली आतल्या बाईला सांगत होती, "अगं, मोलीसाठी दोन पाव काढून ठेव."

तो तसाच घरी आला. "आपण आजच निघू या," तो म्हणाला. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

"अरे वेड्या, गावाने तुला नाव ठेवलं!" व्हिन्का म्हणाली. "आता आपली पोरं, नातवंडं, सगळी मोलीची!"

आणि दुपारी दोब्रिलाबाईंनी स्वतःच्या हाताने मासा वाढला. "घ्या, जावईबापू." त्या घासाला शरम जास्त होती की सुख, हे झेलिमिरला अजून सांगता येत नाही.

त्याच आठवड्यात संत रोकोंची मिरवणूक होती; पायाशी कुत्रा बसलेली त्यांची लाकडी मूर्ती पालखीतून चौघं खांद्यावर नेतात. संतांच्या पालखीला परक्या माणसाचा खांदा कधी लागलेला नाही. पण फादर येरेंचं मन मोठं. "मोलीला घ्या," ते म्हणाले, "माणूस प्रार्थनेला पक्का आहे."

झेलिमिरची छाती फुगली. पुन्हा म्हणून घोटाळा करायचा नाही, अशी त्याने शपथ घेतली, आणि रस्ताभर मनात घोकत राहिला: इथे ओरडले की सोडायचं. इथे ओरडले की सोडायचं.

मिरवणूक धक्क्यावर आली. फादर थांबले, प्रार्थनेसाठी हात उंचावून लोकांना ओरडून म्हणाले, "मोली!"

झेलिमिरने सोडलं.

संतांना उरलेल्या तीन खांद्यांनी कसंबसं सावरलं. पण त्यांच्या पायाशी बसलेला लाकडी कुत्रा सुटला तो थेट समुद्रात, आणि पाय वर करून तरंगायला लागला.

दोब्रिलाबाईंनी कुत्र्याकडे पाहिलं. मग लेकीकडे वळल्या.

"व्हिन्का, तुझ्या माणसाला सांग, पुढच्या वर्षी फेरीबोटीने ये म्हणावं."