डॉक्टर बेर्तोनांचं अजिंक्य विरजण

"जगातला एकही विषाणू माझ्या विरजणाच्या वाटेला जाणार नाही," असं डॉ. फाउस्तिनो बेर्तोना सहकारी डेअरीच्या सभेत म्हणाले, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात डॉक्टरांनी वाजवल्या.

सांता फे प्रांतातल्या त्या गावात चीज बिघडणं म्हणजे घरोघरी सुतक. विरजणातल्या जिवाणूंना विषाणूंनी गाठलं की हौदभर दूध न विरजता मख्खपणे पडून राहायचं. डॉक्टरांनी दहा वर्षं खपून विषाणूंना दाद न देणारे जिवाणू घडवले होते. शनिवारी डेअरीच्या अध्यक्षीणबाई क्लोतिल्दे यांच्यासमोर दूध विरजलं तर हे नवं विरजण मंजूर. नाही तर डेअरीत चीज बनवणाऱ्या रेमिखियोमास्तरांचं जुनं विरजण परत, आणि डॉक्टरांची दहा वर्षं पाण्यात.

चीज काढल्यावर उरलेली निवळी म्हणजे विषाणूंची छावणी. म्हणून डॉक्टरांनी दारावर नियम टांगले. आत निवळीचा थेंब नको. कुत्रं नको. माते चहाचा तुंबा हातोहात फिरवणं बंद, म्हणजे गावाचा श्वासच बंद. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी.

"माझ्या डोक्यावर केसच नाहीत, डॉक्टर," मास्तर म्हणाले.

"नियम म्हणजे नियम."

टोपी नव्हती ती फक्त डॉक्टरांना. पन्नाशीतही त्यांचे केस काळेभोर आणि दाट होते, आणि टोपीनं ते चपटे होत. शिवाय शोध लावणाऱ्या माणसाला काही सवलत हवीच.

शनिवारी डॉक्टर दर पाच मिनिटांनी हौदावर वाकून पाहत होते. दुपार झाली तरी दूध ते दूधच.

"कुणीतरी निवळी आत आणली आहे," डॉक्टर कडाडले. त्यांनी सगळ्यांचे बूट तपासले, हात हुंगले. बाहेर झोपलेल्या कुत्र्याला उठवून त्याचीही उलटतपासणी घेतली. मास्तरांना तर टोपी काढायला लावून टक्कल न्याहाळलं.

"सापडला का एखादा केस?" मास्तरांनी विचारलं.

तेवढ्यात डॉक्टरांची बायको नेलिदा रिकामी बरणी घेऊन दारात आली.

"मास्तर, नेहमीची निवळी द्या हो. ह्यांच्या प्रयोगाचीच द्या, ती जास्त मानवते."

"डुकरांना पाजायला?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"छे, ह्यांच्या केसांना. दर आठवड्याला चोळते, म्हणून तर टिकलेत. नाही तर कधीच मास्तर झाले असते."

सगळ्यांची नजर हळूहळू डॉक्टरांच्या डोक्याकडे वळली. डॉक्टर मात्र हौदाकडे पाहत राहिले. त्यांच्याच विरजणाची निवळी, वर्षानुवर्षं, त्यांच्याच डोक्यावर. तिथं एखादा विषाणू ह्या जिवाणूंना कसं मारायचं ते निवांत शिकला होता, आणि आज टोपीविना वाकलेल्या त्याच डोक्यावरून हौदात उतरला होता. लाज तर वाटलीच, पण दहा वर्षं पाण्यात जाऊ द्यायची नव्हती.

"वस्तरा आणा," ते म्हणाले.

"फाउस्तिनो, मी केवढ्या कष्टानं वाढवलेत ते," नेलिदा रडवेली झाली.

अंगणातच डोकं सफाचट झालं. हौद घासले, नवं दूध ओतलं, आणि ह्या वेळी डॉक्टरांची हात न लावता, लांबून नुसती देखरेख. रविवारी सकाळी दूध असं विरजलं की अध्यक्षीणबाईंनी तिथल्या तिथे मंजुरी दिली.

डॉक्टर छाती फुगवून हौदाकडे निघाले. दारात मास्तर उभे होते, हातात टोपी घेऊन.

"अहो, आता केस आहेत कुठे?"

"नियम म्हणजे नियम," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ती डॉक्टरांच्या कानांपर्यंत ओढली.