दहापैकी आठ

ग्राहकाचे समाधान ही मोजता येणारी वस्तू आहे, हे आता सर्व सुधारलेल्या समाजांनी मान्य केले आहे. (पूर्वी ते न मोजताही होत असे, पण त्याला पुरावा नाही.) मिनेसोटातल्या आमच्या नॉर्ड लेक गावातले हार्डवेअरचे दुकान टेक्सासच्या कंपनीने घेतले, आणि आमचेही मोजमाप सुरू झाले. सामान घेऊन घरी पोचावे तो फोनवर विचारणा हजर: सेवेला दहापैकी किती गुण द्याल?

कंपनीचा हिशेब सुटसुटीत आहे. दहा म्हणजे पास, बाकी सगळे नापास. नऊ हा आकडा केवळ मोजताना मध्ये लागतो म्हणून ठेवलेला आहे.

आमच्या गावाचा हिशेब मात्र जुना. आमच्याकडे उत्तम गोष्टीला 'काही वाईट नाही' म्हणतात. मुलगी डॉक्टर झाली तरी बाप 'चाललंय तिचं' एवढेच सांगतो. कोणी याहून जास्त कौतुक केले, तर ऐकणाऱ्याला वाटते की आपल्याला काहीतरी गंभीर झाले आहे आणि डॉक्टरांनी ते फक्त यालाच सांगितले आहे.

दुकानात वस्तू बदलून देण्याच्या खिडकीवर दोघे बसत. पैकी ट्रॉयने मला नळ म्हणून शॉवर दिला. तो परत न्यायला गेलो तर पावती मागितली, पावती दिली तर चष्मा घरी राहिलाय म्हणून मलाच वाचून दाखवायला लावली, आणि शेवटी पहिला परत न घेताच दुसरा शॉवर दिला. वर खिडकीतून वाकून हळूच म्हणाला, "दहा द्या हं साहेब. नाहीतर ड्युट्या कापतात माझ्या. घरी मांजरं आहेत." मांजरांचे नाव निघाल्यावर माणूस काय करणार? अख्खे गाव ट्रॉयला दहा देत असे.

दुसऱ्या आर्डिस लिंडक्विस्ट. जानेवारीच्या वादळात व्हर्न टोलेफसनच्या घरातली, घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली, तेव्हा दुकान बंद असतानाही आर्डिसबाई बर्फातून गाडी काढून दोन हीटर घेऊन गेल्या, ते लावून दिले, आणि कुत्र्यालाही त्यातल्या एकासमोर बसवून आल्या. व्हर्नला गहिवरून आले. त्याने आठ दिले.

महिनाअखेरीस टेक्सासहून क्लिंट नावाचे साहेब आले. आर्डिसबाईंना एकही दहा नाही, आठवड्याभरात गुण सुधारले नाहीत तर खिडकी सोडावी लागेल, असे त्यांनी हसतमुखाने सांगितले. त्यांना हसण्याचे प्रशिक्षण मिळालेले होते.

व्हर्न धावत दुकानात गेला. तिथे मीही उभा होतो.

"अगं आर्डिस, आठ म्हणजे माझ्याकडून फार झाले. माझ्या लग्नालासुद्धा मी सातच दिले असते."

"माहीत आहे रे."

"दहा दिले असते तर लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याचा डोळा आहे हिच्यावर. पण तू मागायचेस ना, त्या ट्रॉयसारखे."

"कौतुक मागून घ्यायचं? त्यापेक्षा मी घरी बसेन, व्हर्न."

त्या संध्याकाळी चर्चच्या तळघरात सभा भरली. आर्डिसला वाचवायचे, यावर एकमत होते. पण दहा हा आकडा अनेकांच्या घशाखाली उतरेना. एका आजींनी विचारले की आज दहा दिले, तर उद्या तिने याहून चांगले काम केल्यावर काय द्यायचे? पाळकसाहेबांचे म्हणणे पडले की दहा हे वरच्यासाठी राखून ठेवलेले बरे. बऱ्याच कॉफीनंतर सर्वांना झेपेल अशी तडजोड निघाली. आठवडाभर गावाने झाडून आर्डिसबाईंना नऊ दिले. आजवर कोणालाही न दिलेले नऊ.

सोमवारी त्यांना काढले.

निरोपाला सगळे आले, प्रत्येकाने हॉटडिशचे, म्हणजे आमच्याकडे सुखदुःखात सारख्याच नेल्या जाणाऱ्या बटाटे-खिम्याच्या भाजलेल्या पदार्थाचे, भांडे आणले. व्हर्न टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "आर्डिस, तू काही वाईट नव्हतीस." आर्डिसबाईंनी डोळे पुसले. मलाही फार वाईट वाटले, पण मी भांडे उचलून दुसरीकडे ठेवण्याचे निमित्त काढले.

आता खिडकीवर ट्रॉय प्रमुख आहेत. आमचे दुकान ग्राहकसमाधानात कंपनीत पहिले आले असून, माझ्या घरात तीन शॉवर आहेत.

वाचकहो, तुम्ही आमच्यासारखे नाही, हे मला ठाऊक आहे. एखाद्याने तुमचे काम मनापासून केले, तर तुम्ही लगेच त्याच्या साहेबांपर्यंत जाऊन तसे सांगता. आठवून पाहा, शेवटचे कधी सांगितले होते? घाई नाही. तक्रार करायला गेला होतात ते दिवस तेवढे वगळा.